पावाचा पाव

काल सकाळी नगरपालिकेचा माणूस आमच्या विहिरीत पांढरी पूड टाकून गेला आणि दुपारपर्यंत घरभर तो वास हिंडत राहिला. म्हणजे ऐप्पसी लागली. हा इकडचा महिना, दिवाळीच्या आगेमागे येणारा. कुंभकोणमला खरा पाऊस पडतो तो या दिवसांत, तुमच्या आषाढात नव्हे. पावसावर लोक फार गोड गोड लिहितात, लिहोत बापडे. मला पाऊस म्हटला की टायफॉइड आठवतो, आणि टायफॉइड म्हटला की आमचं रोट्टीचं दुकान.

रोट्टी म्हणजे ब्रेड. आमच्याकडे त्याला दुसरा शब्द नव्हता. आम्ही मूळचे शिंपी. तंजावरला मराठ्यांचं राज्य आलं तेव्हा त्यांचे अंगरखे शिवायला आमचे कुणी पूर्वज आले म्हणतात. राजे गेले, अंगरखे गेले, सुई तेवढी उरली. आमच्या ह्यांना त्या सुईचा मनापासून कंटाळा. नागपट्टणमला एका बेकरीत चार वर्षं राबून आले आणि महामहम तलावाच्या मागच्या गल्लीत त्यांनी स्वतःची भट्टी घातली. नातलगांनी तोंडं वाकडी केली. शिंप्याच्या पोरानं पीठ तिंबायचं म्हणजे काय! हे कुणाला उत्तर द्यायच्या फंदात पडले नाहीत. पहाटे भाजायचे, दुपारी घोरायचे. दुपारनंतर दुकानात मी. तेव्हा मी अठ्ठावीसएक वर्षांची असेन, आणि जिभेला हाड नव्हतं. ते अजूनही आलेलं नाही.

ही गोष्ट स्वातंत्र्यानंतरच्या सहा-सात वर्षांतली. तेव्हा कुंभकोणमात धडधाकट माणूस रोट्टी खात नसे. रोट्टी हे दुखणाइताचं अन्न. आमच्या दुकानाच्या कागदाची पुडी कुणाच्या हातात दिसली की रस्त्यावरची माणसं थांबून विचारायची, घरात कोण आजारी? टायफॉइडमध्ये एकवीस दिवस उपाशी ठेवायची रीत होती. नुसतं पेजेचं पाणी, बार्लीचं पाणी. ताप उतरला की डॉक्टर पहिलं पथ्य सांगत ते दुधात भिजवलेल्या रोट्टीचं. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्याच्या घरी कुणीतरी वाचलेलं असायचं. औषधाच्या दुकानात लोक रडवेल्या तोंडानं जात आणि आमच्याकडे जरा हलक्या तोंडानं येत. मी त्या तोंडांवरून ओळखायची, कोणाचा कितवा दिवस ते.

काही गिऱ्हाइकं मात्र तापाशिवाय लक्षात राहिली. एक निवृत्त हेडमास्तर होते, कडक सोवळ्यातले. रस्ता ओलांडून ते कधी दुकानापाशी आले नाहीत. पलीकडे छत्री धरून उभे राहायचे आणि तिथूनच ओरडायचे, "मुट्टै इल्लैये?" अंडं नाही ना? मी इकडून ओरडायची, नाही. मग नोकर येऊन रोट्टी घेऊन जायचा. रोज हाच प्रश्न, रोज हेच उत्तर. रोट्टी आजारातून उठलेल्या नातवासाठी म्हणे, आणि त्या नातवाचा अशक्तपणा काही केल्या जाईना. एकदा मी तलावावरून येत होते, तर पायरीवर बसून मास्तर स्वतःच खरपूस कड तोडून खात होते, अगदी डोळे मिटून. उपरण्यावर सगळा चुरा. मी दुसऱ्या वाटेनं गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा पलीकडून ओरडून विचारलं, आणि मीही तितक्याच मोठ्यानं सांगितलं, नाही हो नाही.

दुसरा एक जवळच्या नाचियार्कोविल गावचा समया ओतणारा कारागीर. शुक्रवारी बसनं माल घेऊन यायचा आणि परत जाताना चार बन घ्यायचा. हाताला पितळेचा वास. प्रत्येक बन उलटा करून कानाशी न्यायचा आणि बोटानं ठोकायचा. आवाज मनाला आला नाही तर म्हणायचा, "हा आतून बसलाय." ह्यांना त्याचा भयंकर राग. भट्टीपुढे बारा वर्षं घालवलेल्या माणसाला हा समईवाला शिकवणार! पण एके पहाटे मी उठून पाहते तर हे भट्टीतून काढलेली प्रत्येक रोट्टी उलटी करून, कान लावून ठोकताहेत. मला पाहिल्यावर म्हणाले, "झुरळ होतें." बरं, झुरळ तर झुरळ.

त्या वर्षी ऐप्पसीत पाऊस थांबेचना. पिठाला ओल यायची, आंबवण फुगायचं नाही, रोट्ट्या बुटक्या व्हायच्या. अशाच एका दुपारी एक उंच गृहस्थ भिजत दुकानात शिरले. मी मांजराला दामटत होते, "चल नीघ, अवघें दूध सांडलेंस मेल्ये!" गृहस्थ दारातच थबकले. म्हणाले, "तुम्ही मराठी बोलता?"

आता हे नीट सांगायला हवं. आमची मराठी घरातली. उंबऱ्याबाहेर पाय पडला की तमिळ. दुकानात, बाजारात, डॉक्टरकडे, देवळात सगळीकडे तमिळ. मांजराची गोष्ट वेगळी, ते घरचंच. परक्या माणसानं दुकानात उभं राहून माझ्याशी मराठीत बोलावं हे जन्मात घडलं नव्हतं. चारचौघांत कुणी माहेरच्या लाडक्या नावानं हाक मारावी तसं मला झालं. लाजही वाटली आणि आनंदही झाला. मी म्हटलं, "बोलतें तर. आम्ही राजाच्या वेळेपासूनचे. बसा, काय पाहिजे?"

ते साठे. साताऱ्याकडचे. तारखात्यात होते, तीन महिन्यांपूर्वी बदली होऊन आले होते. बायको मालती, बावीस वर्षांची, टायफॉइडनं पडली होती. ताप उतरला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषध संपलं, आता पोटात अन्न गेलं तर बाई उठेल, नाहीतर नाही. आणि ती काही खात नव्हती. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं आणि म्हणाले, "एक पाव द्या."

मी सुरी घेतली, रात्तलाच्या, म्हणजे पौंडाच्या, रोट्टीचा चौथा हिस्सा कापला आणि कागदात गुंडाळून दिला. पाव म्हणजे चौथाई, पावशेरातला पाव. आमच्या मराठीत पावाचा दुसरा अर्थ नव्हता. राजांच्या काळात आलेल्यांना तो माहीत असण्याचं कारणच नव्हतं. साठ्यांनी पुडी उघडून तो चौकोनी तुकडा पाहिला, मान डोलावली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एक पाव. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मला त्यांची चीड यायला लागली. एवढे साहेब, पायात बूट, हातात घड्याळ, घरी बायको मरणाच्या दारातून परत आलेली, आणि हा बाबा चौथाई रोट्टीवर भागवतो! मी ह्यांना म्हटलं, "साताऱ्याकडले लोक बहुत चिक्कट." हे म्हणाले, "दूर देशीं आले आहेत, जपून राहतात." पण चीड आली तरी बोलायची हौस फिटत नव्हती. दुपारी घड्याळाकडे माझं लक्ष लागायचं. ते म्हणायचे, "आज फार पाऊस आहे." मी म्हणायची, "बहुत. आभाळाचें शिवण उसवलें आहे." ते विचारायचे, मालक कुठे आहेत? मी म्हणायची, "निजले. भट्टी थंड जाहली कीं ह्यांचें घोरणें तापतें." ते हसायचे. मला वाटायचं, माणसाला माझं बोलणं आवडतंय. घरी गेल्यावर उद्या काय बोलायचं ते मी मनात जुळवायची, इतकी मी चढले होते.

मग एक दिवस ते पुडी विसरून गेले. मी पुडी घेऊन मागे धावले. कोपऱ्यावरच्या विड्याच्या टपरीखाली ते पाऊस ओसरायची वाट पाहत पाठमोरे उभे होते आणि स्वतःशीच काही पुटपुटत होते. जवळ गेले तर ऐकू आलं, "आभाळाचें शिवण उसवलें आहे. उसवलें आहे." माझाच हेल. माझंच लांबवलेलं 'लें'. चुकलं की पुन्हा म्हणत होते, आणि जमलं की हसत होते.

तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणजे हा माणूस रोज माझी नक्कल पाठ करून घरी नेत होता! तिथे दोघं नवराबायको मला हसत होती! आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं, आपली मराठी राजाच्या दरबारातली, जुनी, चोख. आणि ज्यांच्या मुलखातून ती आली त्यांना ती नाटकातल्या विदूषकाची वाटत होती. मी पुडी टपरीवाल्याच्या हातात दिली आणि तशीच परतले. त्या संध्याकाळी मी रडले, हे सांगायला आता काही हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी साठे आले. मी म्हटलं, "एन्न वेणुम्?" काय पाहिजे? ते गोंधळले. मराठीत म्हणाले, एक पाव. मी कापून दिला. ते पावसाबद्दल बोलले, मी बरण्या पुसल्या. असं चार दिवस. चारही दिवस माझ्या तोंडून तमिळखेरीज अक्षर निघालं नाही. वर पुन्हा मला वाटत होतं की मी फार मोठी शिक्षा करतेय.

पाचव्या दिवशी ते पुडी न घेताच उभे राहिले. दाढी वाढली होती. म्हणाले, "बाई, माझं काही चुकलं असेल तर सांगा. पण तिनं तीन दिवस दुधाशिवाय काही घेतलं नाही. आधी निदान चार घास घेत होती. मी घरी गेलो की विचारायची, आज रोट्टीवाल्या बाई काय म्हणाल्या? मी सांगायचो, आणि ती ऐकता ऐकता खायची. आता काय सांगू? 'एन्न वेणुम्' म्हणाल्या म्हणून सांगू?"

मी मराठीत विचारलं, "आमच्या बोलण्यास हासते ती?"

बाहेर पन्हाळीचं पाणी पडत होतं. साठे खाली बघत म्हणाले, "हो. हसते." खोटं बोलले असते, आवडतं म्हणून खाते वगैरे, तर मी त्या घराची पायरी चढले नसते. माझा स्वभाव मला माहीत आहे.

घरी मी ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं, हे तरी चिडतील. हे परातीतलं पीठ खरवडत म्हणाले, "आमची रोट्टी न्यावयास अवघे रडत येतात. एक घर हासत खातें, तर तुज कां दुखतें?" आणि हात धुवायला निघून गेले. असं बोलून निघून जाण्यात हे पटाईत.

दुसऱ्या दिवशी ह्यांना दुकानात बसवून मी साठ्यांकडे गेले. बरोबर अख्खी रोट्टी घेतली, चौथाईची पुडी नेऊन तिथे माझा मान कशाला घालवू? भाड्याची माडी होती, जिना चढून गेलं की एकच खोली. मालती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. केस गळून गेलेले, मान एवढीशी. माझा राग कुठच्या कुठे गेला. ही बाई जाणार, असंच मला त्या क्षणी वाटलं.

मी रस्ताभर ठरवून आले होते की इथे आपलं घरातलं बोलणं काढायचं नाही, अगदी साठ्यांसारखं बोलायचं. म्हणून तोंड आवळून म्हटलं, "आता तुमची तब्येत कशी आहे? थोडंसं काही खाऊन घ्या बरं." साठे माझ्याकडे पाहतच राहिले. मालतीनं वळून एकदा बघितलं. तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं, ही ती बाई नव्हे. आणि तिनं पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

हातातली रोट्टी मी तिपाईवर ठेवली आणि कागद सोडला. साठे दचकून म्हणाले, "अरे बापरे! केवढा मोठा पाव!"

"पाव कसें?" माझं ठरवलेलं सगळं एका क्षणात उडालं. "हें अवघें आहे! पाव तर तुम्ही रोज नेतां!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? पाव म्हणजे चौथा वांटा. रोज येऊन उभे राहतां, एक पाव द्या, एक पाव द्या. मी कापून देतें. मज वाटे, काय हा मनुष्य, घरीं बायको दुखणाईत नि ह्याच्या हातून अर्धी रोट्टी सुटत नाहीं!"

साठे कपाळावर हात मारून खाली बसले. "अहो बाई, आमच्याकडे यालाच पाव म्हणतात! मला वाटलं, इकडे गिऱ्हाइकाला एवढाच कापून देतात. अख्खे हॉटेलवाल्यांचे असतील."

"ह्याला पाव म्हणतां?" मी कमरेवर हात ठेवले. "तर मग ह्याच्या चौथाईला काय म्हणतां?"

साठ्यांनी खरोखर विचार केला. आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, "पावाचा पाव."

खाट हलायला लागली. मला वाटलं, हिला झटका आला. मी धावले. ती हसत होती. आवाज फुटत नव्हता, नुसते खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि बोट नवऱ्याकडे होतं. "चिक्कू," ती कशीबशी म्हणाली, "पंधरा दिवस... चिक्कू समजत होत्या तुम्हाला!" ती त्यांना हसत होती. मग मलाही हसली. मग आम्ही तिघंही, आणि तिला ठसका लागला तसे साठे घाबरून पाण्याचा पेला शोधायला लागले.

मी तिची मान हातावर धरली, रोट्टीचा गाभा दुधात बुडवला आणि म्हटलं, "हासा. हासावयास काय जातें? पण हासतांना तोंड उघडतें कीं नाहीं? तेवढ्यांत घांस घ्या."

तिनं घेतला. पुन्हा हसली, पुन्हा घेतला. नऊ घास. मी मोजले, कारण दहावा तिनं मला भरवला.

त्यानंतर मी रोज दुपारी तासभर जायची. काय बोलायचं ते ठरवून जायचं सोडून दिलं. कार्तिकात ती भिंत धरून चालायला लागली, पोंगलला आमच्या दुकानात येऊन बसली आणि मांजराला आमच्या भाषेत शिव्या द्यायला शिकली. तिच्या डोक्यावर जावळासारखे केस आले होते. उन्हाळ्यात साठ्यांची बदली परत तिकडे झाली. निरोपाला साठ्यांनी ह्यांचे हात हातात घेतले. गाडी गेल्यावर मला दुकानात जावंसं वाटेना, एवढं खरं.

पुढच्या ऐप्पसीत तिचं पत्र आलं. मोठी पंचाईत झाली. आम्ही मराठी बोलायचो, पण आमची अक्षरं तमिळ. नागरी लिपी माझ्या घरात कुणाला लागत नव्हती. आता ही तुमच्यासारखी पुस्तकी मराठी मी लिहितेय ना, ती पुढे कष्टानं कमावलेली, तिचीच पत्रं वाचता यावीत म्हणून. तेव्हा मात्र मी ते पाकीट पदरात बांधून आमच्या विठोबाच्या मठातल्या बाबांकडे गेले. ते म्हातारे होते, भजनाच्या वह्या वाचायचे, म्हणून नागरी यायची. जन्मात तंजावर जिल्ह्याबाहेर गेलेले नव्हते.

बाबांनी पत्र डोळ्यांजवळ धरलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. "अक्कास दंडवत. मी बरी आहें. अंगीं बळ आलें. येथें मी बोललें कीं सासरचीं माणसें अवघीं हासतात. म्हणतात, ही कोठून शिकून आली? मज तसें आतां बोलतांच येत नाहीं, जीभ तुमचीच जाहली. पहिल्यानें राग आला, मग विचार केला, हासोत. जेवतांना पोरें हट्ट करतात, तेव्हां जाऊबाई मजच बोलावतात. दिवस गेले आहेत. मुलगी जाहली तर तीही असेंच बोलेल, मग हासावयास घरांत कोणी उरणार नाहीं."

बाबा थांबले. कागद उलटा करून पाहिला, अजून काही आहे का ते. मग चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाले, "एवढ्या दूर कोण्या गांवीं दिली गे आपली ही पोर?"

मी म्हटलं, "साताऱ्यास."